गाडीत पाय मावत नाहीत? आधी टाच कुठे टेकते ते बघा

नाशिक-पुणे रस्त्यावर माझा डावा गुडघा संगमनेरपर्यंत गप्प असायचा. चंदनापुरी घाट लागला की त्याची कुरकुर सुरू. नारायणगावला चहाला उतरेपर्यंत अशी अवस्था की दाराला धरून मिनिटभर उभं राहायचं आणि मगच पाऊल टाकायचं. माझी उंची ६ फूट १ इंच. त्यामुळे कुणालाही सांगितलं की उत्तर ठरलेलं, "तुला मोठी गाडी पाहिजे रे." दोन वर्षं मीही तेच धरून चाललो. मग एकदा मामा माझ्या शेजारी बसले. मामांनी पिंपळगावहून कांदा भरून ट्रक चालवण्यात आयुष्य काढलंय. नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलवर थांबलो होतो. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "तू तर बोटांनी क्लच मारतोय. टाच कुठंय तुझी?"

टाच हवेत होती. सीट शेवटच्या खटक्यापर्यंत मागे, पाठ झोपवलेली, आणि क्लच दाबायचा म्हणजे अख्खी कंबर पुढे घसरायची. द्वारका ओलांडेपर्यंत हे पंचवीस-तीस वेळा व्हायचं. पाय मावावेत म्हणून सीट मागे नेलं होतं आणि गुडघा दुखत होता तो त्याच मागे नेण्यामुळे.

तेव्हापासून कुणाच्याही गाडीत बसलो की मी टेप काढतो. घरचे हसतात, पण गाडी घ्यायची वेळ आली की फोन मलाच येतो. या मोजामोजीतून एक गोष्ट पक्की कळली. बहुतेकांच्या गाडीत जागा पुरेशी असते, बैठक चुकलेली असते. आणि ज्या गाडीत जागा खरोखरच कमी आहे, तिच्यात नंतर काहीही ठोकाठोक करून ती वाढत नाही. म्हणून आधी गाडी कशी तपासायची ते सांगतो, मग बैठक कशी लावायची ते.

छापील आकडा काय सांगतो

परदेशी गाड्यांच्या माहितीत 'लेगरूम' म्हणून एक आकडा असतो. तो मोजायची अमेरिकन पद्धत ठरलेली आहे. सीट पार मागे सरकवायचं, उजवा पाय न दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर ठेवायचा, घोट्याच्या सांध्यापासून कमरेच्या सांध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यात २५४ मिलिमीटर, म्हणजे १० इंच मिळवायचे. हे १० इंच पायाचा तळवा आणि पाठीमागचा भाग यांच्यासाठी धरलेले असतात.

यातली मेख लगेच लक्षात येईल. सीट पार मागे असतानाचा हा आकडा आहे. त्या जागेवरून स्टेअरिंगपर्यंत हात पोचतो का, क्लच पूर्ण दाबला जातो का, मांडीखाली गादी पुरते का, यातलं काहीच तो सांगत नाही. कंपनीनं सीट सरकायची पट्टी चार सेंटिमीटर लांब केली की लेगरूमही वाढली, भले तिथं कुणी बसून गाडी चालवू शकत नसेल. शिवाय पुढचं सीट जेवढं मागे जाईल तेवढी मागच्याच्या गुडघ्यांची जागा जाते. आपल्याकडच्या पत्रकांत बहुधा हा आकडाही नसतो. लांबी, रुंदी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि डिकीचे लिटर एवढ्यावर भागवतात.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ती पायांच्या जागेपेक्षाही महत्त्वाची आहे. टाच जिथे टेकते तिथून कंबर किती उंचावर आहे, यावर पाय कसे राहणार हे ठरतं. बसक्या गाडीत कंबर खाली असते, म्हणून पाय पुढे पसरावे लागतात आणि लांबीत जागा जास्त लागते. उंच गाडीत माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो. पाय खाली सुटतात, त्यामुळे कमी लांबीतही तो आरामात मावतो. इंजिनिअर मंडळी यावरूनच वाहनांचे दोन गट पाडतात. टाचेपासून कमरेची उंची साधारण ४०५ मिलिमीटरच्या आत असेल तर कारचा गट, त्याच्यावर ट्रक-बसचा. मामांना केबिनमध्ये पाय लांब करायला जागा नसूनही गुडघ्याचा त्रास झाला नाही, त्याचं एक कारण हे.

पण उंच दिसणारी प्रत्येक गाडी आतूनही उंच असते असं समजू नका. शिडीसारख्या चासीवर बसवलेल्या दणकट गाड्यांत (आपल्या सातपूरच्या कारखान्यातून निघणाऱ्या बोलेरोच्या गावात हे कुणाला वेगळं सांगायला नको) फरशी चासीच्या वर येते. इलेक्ट्रिक गाड्यांत फरशीखाली बॅटरी असते. बाहेरून गाडी उंच, आत मात्र फरशी आणि गादीमधलं अंतर कमी. मग गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळं वजन बुडावर येतं. तासाभरात मुंग्या.

शोरूममध्ये टेप घेऊन जा

चार मापं घ्या. आधी घरी स्वतःची दोन. खुर्चीत पाठ टेकून बसा आणि बुडापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा. माझं ५२ सेंटिमीटर भरतं. मग अनवाणी पायानं जमिनीपासून त्याच खळगीपर्यंत. आता गाडीत. गादी आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेपासून गादीच्या पुढच्या कडेपर्यंत किती, आणि पायाखालच्या फरशीपासून गादीच्या पुढच्या कडेपर्यंत किती.

गादीची लांबी तुमच्या मांडीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी असावी, म्हणजे गुडघ्यामागे दोन-तीन बोटं आत जातात. त्याहून खूप आखूड असेल तर अर्धी मांडी अधांतरी राहते, उंच माणसाची ही नेहमीची रड. लांब असेल तर कड खळगीत रुतते आणि बुटक्या माणसाला पाठ टेकवताच येत नाही. माझ्या बायकोची उंची ५ फूट १ इंच. आमच्यात बरोब्बर एका फुटाचं अंतर, त्यामुळे एकाच गाडीत दोन्ही तक्रारी मला घरबसल्या ऐकायला मिळतात.

मापं झाली की बसा. पाच मिनिटं नाही, वीस मिनिटं. सेल्समनला म्हणावं, तू चहा पिऊन ये. रोज गाडी चालवताना जे बूट किंवा चप्पल घालता तेच घालून जा. आणि जी व्हेरियंट घेणार आहात तीच मागा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ट्रायलची गाडी बहुधा सगळ्यात वरची असते. तिच्यात सीट वर-खाली होतं, स्टेअरिंग पुढे-मागे येतं. तुम्ही पैसे भरता मधल्या व्हेरियंटचे, तिच्यात स्टेअरिंग फक्त वर-खाली होत असतं. माझी पहिली गाडी मी अशीच घेतली. कोणत्या शोरूममध्ये ते राहू दे, चूक माझी होती, विचारलंच नव्हतं.

स्टेअरिंग पुढे-मागे होणं ही चैन वाटते, पण उंच आणि बुटक्या दोघांसाठीही पायांच्या जागेचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. स्टेअरिंग जवळ येत नसेल तर लांब पायांचा माणूस हातांसाठी पुढे सरकतो आणि गुडघे डॅशबोर्डला लावतो. एक सुविधा निवडायची वेळ आली तर सनरूफ सोडा, हे घ्या. नाहीतरी सनरूफची चौकट छताची दोन-तीन सेंटिमीटर उंची खातेच.

बसल्यावर काय काय बघायचं? डावा गुडघा मधल्या कन्सोलला टेकतो का, आणि टेकला तर तिथं मऊ आहे की प्लास्टिकची धार आहे. उजवा गुडघा दाराच्या हँडलला किंवा काचेच्या बटणांच्या कठड्याला लागतो का. किल्ली लावायची गाडी असेल तर किल्लीचा जुडगा उजव्या गुडघ्यावर आपटतो का. क्लचच्या डावीकडे पाय ठेवायला पट्टी आहे का, आणि असलीच तर तिच्यावर अख्खा तळवा मावतो की फक्त चवडा. मूळ आराखडा डाव्या स्टेअरिंगचा असलेल्या गाड्यांत आपल्या बाजूला ही पट्टी बरेचदा अरुंद होते, कारण तिथं मधला बोगदा आडवा येतो. उजवीकडे पुढच्या चाकाची कमान आत घुसलेली असते, म्हणून काही गाड्यांत तिन्ही पेडल डावीकडे सरकवलेली असतात. माणूस बसतो सरळ, पाय जातात तिरके. हे शोरूममध्ये जाणवत नाही. डोळे मिटून दोन्ही पाय नैसर्गिकपणे पुढे टाका, मग डोळे उघडून बघा पाय कशावर पडलेत. उजवा पाय ॲक्सिलरेटरच्याही उजवीकडे पडला असेल तर बैठक तिरकी आहे.

ट्रायल मारायला सेल्समन कॉलेज रोडची एक फेरी दाखवतो. ती नको. द्वारका किंवा मुंबई नाका गर्दीच्या वेळी, म्हणजे क्लच कळतो. मग उड्डाणपुलावरून विल्होळीपर्यंत, म्हणजे डावा पाय रिकामा असताना कुठे ठेवायचा ते कळतं. आणि परत येताना गंगापूर रोडचे गतिरोधक, म्हणजे डोकं छताला लागतं का ते कळतं. सोबत घरातला सगळ्यात उंच माणूस तुमच्या मागे बसवा. तुमची जागा त्याच्या गुडघ्यांतून काढलेली असेल, तर ती गाडी तुमच्या कुटुंबाची नाही.

बैठक लावायची कशी

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक आधी पाठ झोपवतात, मग हात पोचत नाहीत म्हणून सीट पुढे घेतात आणि उरलेली तडजोड पायांच्या गळ्यात पडते. सुरुवात टाचेपासून करायची.

पहिलं, खिसे रिकामे करा. मागच्या खिशातलं पाकीट काढा. दोन सेंटिमीटर जाडीचं पाकीट एका बाजूला आलं की कंबर वाकडी होते आणि पुण्यापर्यंत वाकडीच राहते. बूड मागच्या खाचेत घट्ट रेटा. इथं बोटभर पोकळी राहिली तर पुढचं सगळं चुकतं.

दुसरं, सीट पुढे-मागे. उजवी टाच ब्रेकच्या समोर फरशीवर टेकवा. ती न उचलता पाय फिरवून ॲक्सिलरेटरवर नेता आला पाहिजे. आता क्लच पार तळापर्यंत दाबा. तळापर्यंत, अर्धा नाही. दाबलेल्या अवस्थेत डावा गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा आणि कंबर जागची हलायला नको. पाय सरळ काठीसारखा झाला तर एक-दोन खटके पुढे या. उंच माणसांना हे पटत नाही, कारण पुढे आल्यावर पाय सोडलेल्या अवस्थेत गुडघा वर दिसतो आणि जागा कमी झाल्यासारखी वाटते. वाटू द्या. क्लच ज्या टोकाला दाबला जातो तिथून मोजायचं, पाय विसावतो तिथून नाही. ऑटोमॅटिक असेल तर हीच परीक्षा ब्रेकवर करा, तीही जोरात दाबून. अपघाताच्या क्षणी पाय सरळ ताठ असेल तर धक्का थेट कमरेच्या सांध्यात जातो. गुडघा वाकलेला असण्याचं हेही एक कारण.

तिसरं, उंची. सीट वर घ्या, इतकं की कंबर गुडघ्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल, आणि डोक्यावर छतापर्यंत मूठभर जागा राहील. उंच माणूस सवयीनं सीट तळाला ठेवतो. डोक्याला जागा असेल तर ते चुकीचं आहे. वर आलात की पाय खाली सुटतात आणि मांडीखाली गादी भरते. माझा प्रश्न सुटला तो मुख्यतः इथं. एक लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत सीट वर येताना थोडं पुढेही येतं, त्यामुळे उंची बदलली की दुसरी पायरी परत करायची.

चौथं, पाठ. सरळ काटकोनापेक्षा थोडी मागे, १०० ते ११० अंश. यापेक्षा जास्त झोपवली की मान पुढे काढावी लागते. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा, मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर स्टेअरिंग जवळ ओढा, ते होत नसेल तर पाठ एक खटका उभी करा. सीट पुढे घेऊ नका, पायांचं माप ठरून गेलंय.

पाचवं, स्टेअरिंगची उंची. खालची कड आणि मांड्या यांच्यात हात सहज फिरला पाहिजे आणि वरच्या कडेआडून मीटर पूर्ण दिसला पाहिजे. एअरबॅगमुळे छातीचं हाड आणि स्टेअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. माझी बायको आधी स्टेअरिंगला चिकटून बसायची. "पाय पोचत नाहीत, मग काय करू?" हे तिचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. उपाय असा निघाला की सीट पायांच्या मापानं पुढे, मग पाठ दोन खटके मागे आणि स्टेअरिंग छातीकडे वळेल इतकं खाली. २६ सेंटिमीटर भरले. सीट वर घेतल्यावर तिला बोनेटची कडही दिसायला लागली, तो बोनस.

हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या पातळीला आणा आणि डोक्यामागचं अंतर कमीत कमी ठेवा. मानेला उशी म्हणून तो दिलेला नाही, मागून धडक बसली तर डोकं मागे फेकलं जाऊ नये म्हणून दिलाय. आरसे सगळ्यात शेवटी. तासाभरानं आरशात मागचं कमी दिसायला लागलं तर आरसा हललेला नाही, तुम्ही खाली घसरलाय.

ट्रकची बात वेगळी

आपल्याकडे आता बहुतेक ट्रकची केबिन इंजिनाच्या वर असते. स्टेअरिंग जवळजवळ आडवं, पेडल वरून खाली दाबायची. लांबीचा प्रश्न कमी, पण डाव्या बाजूला इंजिनाचं झाकण आणि उजवीकडे दार यांत पाय अडकून पडतात. जागा खाणारी आणखी एक वस्तू म्हणजे आपलाच पसारा. मामांच्या सीटमागे पाण्याचा ड्रम, ताडपत्रीची घडी, स्टोव्ह आणि दोन गोधड्या. सीटला मागे सरकायला वाव होता, पण सरकणार कुठे? एकदा आडगावच्या ट्रक टर्मिनलला गाडी उभी असताना आम्ही ते सामान क्लीनरच्या बाजूला हलवलं, तर सीट तीन खटके मागे गेलं. मामा म्हणाले, "सात वर्षं ही पट्टी एवढी लांब आहे हे मला माहीतच नव्हतं."

ट्रकमध्ये खरा शत्रू हादरे. बसलेल्या माणसाचा मणका वर-खाली हादऱ्यांना सेकंदाला ४ ते ६ वेळा या वेगाला सर्वात जास्त प्रतिसाद देतो, आणि भरलेला ट्रक खराब रस्त्यावर बरेचदा याच्या जवळपासच्या वेगानं हलतो. हवेचं सीट (खाली हवेचा फुगा असलेलं) स्वतः सेकंदाला एक-दीड वेळा इतकं सावकाश हलतं, म्हणून मधला धक्का गिळून टाकतं. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी अंगात जाणाऱ्या हादऱ्यांवर मर्यादा आहे. ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे मालकानं उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या वर कामच करू द्यायचं नाही.

पण सीट चांगलं असूनही त्याचा उपयोग होतोच असं नाही. हवेच्या किंवा स्प्रिंगच्या सीटला वजनाचं बटण असतं, किलोचे आकडे लिहिलेलं. चालकाचं वजन ७० आणि बटण १२० वर असेल तर सीट वरच्या टोकाला ताठ उभं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात ठणकन आपटतं. कमी ठेवलं तर तळाला आपटतं. बरेच जण वैतागून सीटची हवाच सोडतात, "डुलतंय, क्लच सापडत नाही" म्हणून. बरोबर लावायची पद्धत सोपी आहे. इंजिन चालू करून हवेची टाकी भरू द्या, सीटवर बसा, आणि सीट त्याच्या एकूण हालचालीच्या मध्यावर येईपर्यंत बटण फिरवा. मग वर-खाली सारखीच जागा राहते. आता पेडलचं अंतर लावा. हवा सोडून लावलेलं अंतर हवा भरल्यावर चुकतंच. चालक बदलला की हे सगळं पुन्हा. मालक लोकांना एवढंच सांगणं की या सीटचं रबर आणि डँपर झिजतात. इंजिन ऑइलची तारीख लिहिता त्याच वहीत सीटचीही लिहा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर थोडं बरं चाललंय. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांत, म्हणजे एन-२ आणि एन-३ गटांत, चालकाची केबिन वातानुकूलित असणं सक्तीचं झालंय. ८ डिसेंबर २०२३ ची ती अधिसूचना. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना याचा उपयोग नाही. तिथं इंजिनाच्या झाकणाखालचा उष्णतारोधक थर फाटलेला असतो, तो बदलून घ्या आणि झाकणाची कडेची रबरपट्टी तपासा. डाव्या मांडीला लागणारी धग बरीच कमी होते.

छोटा हत्तीच्या वर्गातल्या गाड्यांबद्दल मात्र माझ्याकडे फार चांगलं सांगायला नाही. इंजिन सीटखाली, पाठीमागे केबिनची भिंत. सीट खाली जाऊ शकत नाही, मागे तर नाहीच. दिंडोरीहून द्राक्षांचे क्रेट आणणारा उंच पोरगा त्यात गुडघे कानाशी घेऊन बसलेला दिसतो. अशा माणसानं पाठीला जाड उशी लावू नये, आहे ती जागाही जाते. आणि मालकानं दोन चालकांपैकी बुटक्याला ही गाडी आणि उंच्याला पिकअप द्यावी. एवढ्यानं खर्च न करता काम होतं.

थोड्या पैशांत काय होतं, आणि काय करू नये

कमरेच्या खाली, पट्टा बांधतो त्या उंचीवर, हातरुमाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवून बघा. मनगटाएवढी जाड, जास्त नाही. दोन दिवस बरं वाटलं तरच बाजारातली कमरेची उशी घ्या. लोक ती खांद्याच्या पात्यांमागे लावतात, तिथं तिचा काही उपयोग नाही. गादी मागे खोलगट झाली असेल तर सीटवाल्याकडून आतला फोम बदलून घ्या, वरून उशी ठेवू नका. मऊ उशीवर बूड सरकतं आणि अचानक ब्रेक लागला तर माणूस सीटबेल्टखालून निसटायची भीती असते.

मांडी अधांतरी राहत असेल तर गादीच्या पुढच्या भागात सीटवाल्याकडून आतून फोम भरून दोन-तीन सेंटिमीटर उंची आणि लांबी वाढवता येते. माझ्याच सीटला केलंय. पण सीटच्या बाजूला एअरबॅगची पाटी असेल तर त्याला पाठीच्या कव्हराला हात लावू देऊ नका. जाड, घट्ट शिवलेली कव्हरं बाजूची एअरबॅग बाहेर पडू देत नाहीत. सीटखालच्या पिवळ्या वायरींनाही कुणी हात लावू नये.

पायाखालच्या मॅटचा विषय छोटा दिसतो, पण टाच तिथंच टेकते. भरगच्च गुबगुबीत मॅट टाच सेंटिमीटरभर उचलते आणि पेडलचा कोन बदलतो. मूळ मॅटवर दुसरी टाकली की ती पुढे सरकते. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटानं लाखो गाड्यांसाठी सूचना काढली होती, कारण मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकत होती. एकच मॅट ठेवा, हुकाला अडकवलेली. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली कधीच नको.

सीट आणखी मागे न्यायला लोखंडी पट्ट्या जोडून देणारे कारागीर भेटतात. करू नका. टकरीत सीटचे बोल्ट तुमचं सगळं वजन अनेक पटींनी झेलतात, सीटबेल्टचा खालचा खटका बऱ्याच गाड्यांत सीटलाच असतो, आणि वेल्डिंग केलेली पट्टी कुणीही तपासलेली नसते. अपंगत्वामुळे पेडलमध्ये बदल लागत असतील तर ते आरटीओकडून रीतसर नोंदवूनच.

लांबचा पल्ला

समृद्धी पूर्ण सुरू झाल्यापासून एक नवीनच तक्रार ऐकतोय. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता, क्लच नाही, ब्रेक नाही, तरी पाय दुखतात. कारण हेच की पाय हलतच नाहीत. क्रूझ कंट्रोल लावलं तरी उजवी टाच ब्रेकसमोर फरशीवर आणि डावा पाय पट्टीवर, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी डाव्या पायानं पट्टी दोन-चार वेळा दाबायची. मांडी घालून बसणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

दोन तासांनी उतरा आणि पाच मिनिटं चाला. चहाच्या टेबलावर बसून राहणं म्हणजे उतरणं नाही. मोटार वाहतुकीच्या कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदाच होता, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला आठ तास काम. कांद्याच्या हंगामात हे किती पाळलं जायचं ते मामांना विचारू नका. प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं, हात लावला तर गरम लागली, तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.

घोटीवरून कसारा घाट उतरायचा असेल तर घाटाआधीच थांबून बैठक तपासा. उतारावर शरीर पुढे सरकतं आणि ब्रेकवरचा पाय नकळत ताठ होतो. खालचा गिअर ठेवलात तर ब्रेकला पाय कमी लागतो, गुडघ्यालाही आराम.

शेवटी, एकदा लावलेली बैठक हरवू देऊ नका. सीट पार मागे सरकवा आणि पुढे येताना खटके मोजा. माझे दोन, बायकोचे नऊ. उंचीचा दांडा तळापासून किती वेळा ओढायचा तेही मोजा. आमच्या गाडीत सनशेडच्या मागे दोघांचे आकडे पेनानं लिहिलेत, कारण सर्व्हिसिंगहून गाडी आली की सीट शेवटच्या खटक्याला आणि पाठ झोपलेली, हे ठरलेलं. परवाही तसंच झालं. बायको किल्ली घेऊन बसली, सीटकडे बघून म्हणाली, "कुणीतरी तुझ्यासारखा बसला होता इथं," आणि खटके मोजायला लागली.